लहान मुलं, फ्लूची लस आणि आई-बाबांची काळजी

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी क्लब हाउसमध्ये झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना किरकोळ बदल केले आहेत.)



आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त कर्ज विभागात गेली. कुणी म्हणेल, मग हा माणूस लसीवर बोलायला कसा उभा राहिला? त्याचं कारण आमच्या घरातच आहे. घरात साडेतीन वर्षांचा नातू आहे आणि चार महिन्यांची नात आहे. नातवाला फ्लूची लस द्यायची की नाही, यावर फेब्रुवारीपासून आमच्याकडे चर्चा चालू होती. मुलगा म्हणत होता देऊन टाकू, सूनबाईच्या मनात शंका होत्या, आणि सौ. म्हणत होत्या, "आमच्या वेळी कुठे होत्या या लसी? पोरं वाढलीच ना?" शेवटी एक दिवस सूनबाई मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासायचात ना? मग हा एक प्रस्ताव तपासा."

मी तो तपासला. नऊ प्रश्नांची यादी केली आणि आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन बसलो. मिळेल ते वाचलं. त्यातून जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. अध्यक्षसाहेबांनी हा विषय सुचवला त्याला आणखीही एक कारण आहे. गेल्या जुलैमध्ये आपल्याच सोसायटीतली दीड वर्षाची एक मुलगी फ्लूमुळे सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होती, त्यातले दोन दिवस ऑक्सिजनवर. देवाच्या कृपेने आज ती बागेत सगळ्यात पुढे धावते. पण ते सहा दिवस तिच्या आई-वडिलांनी कसे काढले, ते त्यांच्या मजल्यावरच्यांनी पाहिलं आहे.

आपण पुणेकर ही गोष्ट जरा लवकर विसरतो. २००९ चा ऑगस्ट आठवा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, आणि ती एक शाळकरी मुलगी होती. नायडू हॉस्पिटलसमोरच्या रांगा, बंद ठेवलेल्या शाळा, नाटक-सिनेमागृहं, औषधांच्या दुकानातून गायब झालेले मास्क, सगळं आपण पाहिलं. तेव्हा आपली सोसायटी नऊ-दहा वर्षांची होती आणि गणपतीच्या कार्यक्रमाला माणसं तोंडाला रुमाल बांधून आली होती. त्या वेळचा तो विषाणू कुठे निघून गेलेला नाही. तो आता दरवर्षी येणाऱ्या नेहमीच्या फ्लूच्या विषाणूंपैकी एक झाला आहे, आणि फ्लूच्या लसीत त्याचा समावेश असतो.

त्याही आधीची गोष्ट. माझी आजी 'मानमोडी'बद्दल सांगायची. १९१८ ची ती साथ. आमच्या गावात एका घरातून प्रेत नेऊन माणसं परत येईपर्यंत दुसऱ्या घरात माणूस गेलेला असायचा, असं ती म्हणे. त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसं मेली. ती मानमोडी म्हणजे फ्लूच. हे मी घाबरवायला सांगत नाही. 'फ्लू म्हणजे साधी सर्दी' हा जो पहिला समज आहे, त्याचं उत्तर म्हणून सांगतो.

सर्दी-पडसं हळूहळू येतं. नाक वाहतं, शिंका येतात, मूल कुरकुरतं पण खेळतं. फ्लू एकदम येतो. सकाळी बरं असलेलं मूल संध्याकाळी १०२-१०३ तापाने फणफणतं, अंग दुखतं म्हणून उचलू देत नाही, खात नाही, मलूल पडून राहतं. बहुतेक मुलं आठवडाभरात बरी होतात, हेही खरं. पण पाच वर्षांखालची मुलं, त्यातही दोन वर्षांखालची, दमा किंवा हृदयाचा आजार असलेली मुलं, यांच्यात न्यूमोनिया होण्याचा धोका जास्त असतो. कान फुटणं, तापात झटके येणं, हेही होतं. कुठलं मूल सहज बरं होईल आणि कुठलं हॉस्पिटलात जाईल, हे आधी सांगता येत नाही. गेल्या वर्षीची आपली ती मुलगी अगदी धडधाकट होती.

दुसरी शंका सगळ्यात जास्त ऐकू येते. "लस दिली आणि दुसऱ्याच आठवड्यात फ्लू झाला, म्हणजे लसीनेच झाला." आपल्याकडे मुलांना साधारणपणे जी इंजेक्शनची लस देतात, तिच्यात विषाणू मेलेला असतो, किंबहुना त्याचे तुकडेच असतात. त्यातून फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायची जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लसही असते, ती दोन वर्षांवरच्यांसाठी असते आणि दमेकरी मुलांना ती चालत नाही. त्याबद्दल डॉक्टरच सांगतील. मग लसीनंतर मूल आजारी का पडतं? एक म्हणजे लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात बाहेरून फ्लू लागू शकतो. दुसरं, प्लेग्रुपमधलं मूल तसंही महिन्या-दोन महिन्याला सर्दी घेऊन घरी येतं. आणि सर्दीचे विषाणू ढीगभर आहेत, ही लस त्यातल्या फक्त फ्लूसाठी आहे.

तिसरी शंका, दुष्परिणामांची. यावर कुणी "काही होत नाही हो" असं म्हणालं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका. होतं. टोचलेल्या जागी दुखतं, लाल होतं, एक-दोन दिवस बारीक ताप येतो, मूल चिडचिड करतं. हे नेहमीचं. तीव्र ॲलर्जी होऊ शकते, पण तिचं प्रमाण दहा लाख डोसांमागे साधारण एक आहे, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच दिसते. म्हणून तर डॉक्टर लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यात बसवून ठेवतात. आपल्याला ऑफिसची घाई असते, आपण रिक्षा बोलावतो. तसं करू नका. तो अर्धा तास बसा.

वाचताना मला १९७६ सालचं अमेरिकेतलं प्रकरण सापडलं. तिथे स्वाइन फ्लूच्या भीतीने साडेचार कोटी लोकांना घाईने लस दिली, आणि त्यातल्या लाखामागे साधारण एकाला गियाँ बारे नावाचा मज्जातंतूंचा आजार जास्त झाल्याचं दिसलं. मोहीम थांबवली गेली. हे लपवायचं काही कारण नाही. त्यानंतरच्या फ्लूच्या लसींवर या बाबतीत फार बारीक नजर ठेवली जाते, आणि आजच्या लसींमुळे असा धोका असलाच तर तो दहा लाखांमागे एक-दोन इतका आढळतो. प्रत्यक्ष फ्लू झाल्यावर हाच आजार होण्याची शक्यता त्याहून जास्त असते. ऑटिझमचा जो मेसेज फिरतो, त्याचं मूळ १९९८ साली इंग्लंडमध्ये छापून आलेल्या एका लेखात आहे. तो लेखही फ्लूच्या लसीबद्दल नव्हता, गोवर-गालगुंडाच्या लसीबद्दल होता, आणि २०१० मध्ये त्या नियतकालिकाने तो मागे घेतला. तरी मेसेज मात्र अजून फिरतोच आहे. बँकेत रद्द झालेला चेक कुणी पुन्हा वटवायला आणला तर आपण घेतो का?

अंड्याचा प्रश्न आपल्या काही शाकाहारी कुटुंबांनी विचारला होता. ही लस बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून तयार करतात, हे खरं आहे. शुद्ध केल्यावर अंड्याचा अंश अगदी नगण्य उरतो. ज्यांना मनाने ते नको वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण मुलाला अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. अशा बहुतेक मुलांनाही लस देता येते, फक्त दवाखान्यात आणि डॉक्टरांच्या नजरेखाली.

चौथी शंका: "दरवर्षी कशाला? गोवरासारखी एकदाच का नाही?" कारण फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. जगभरातल्या प्रयोगशाळा त्याचे नमुने तपासत असतात, आणि त्यात आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, आहे. त्यावरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, येत्या हंगामाच्या लसीत कोणते प्रकार घालावेत ते जाहीर करते. शिवाय लसीने आलेली शक्ती काही महिन्यांनी ओसरते. त्यामुळे हे लॉकरच्या भाड्यासारखं आहे, दरवर्षी भरावं लागतं.

पाचवी शंका मला सगळ्यात रास्त वाटली. "लस घेऊनही फ्लू होतोच, मग उपयोग काय?" लसीतले प्रकार आणि बाहेर फिरणारे प्रकार चांगले जुळले, तर डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. शंभर टक्के नाही. काही वर्षी याहूनही कमी. पण लस घेतलेल्या मुलाला फ्लू झालाच, तर तो गंभीर होऊन आयसीयूत जाण्याची शक्यता कमी राहते. हेल्मेट घातलं म्हणून अपघात होत नाही असं नाही. तरीही आपण ते डोक्यावर घालतो. (इथे पुण्यात हे उदाहरण द्यावं की नाही, असा मला प्रश्न पडला होता!)

सहावी शंका सौ.ची. सरकारी यादीत ही लस नाही, म्हणजे ती गरजेची नसणार. सरकारच्या मोफत लसीकरणात फ्लूची लस लहान मुलांसाठी नाही, हे बरोबर. सरकारला पैसा, मनुष्यबळ आणि कोट्यवधी मुलं, सगळ्याचा हिशेब घालावा लागतो. पण देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सगळ्या मुलांना ही लस दरवर्षी द्यावी असं सांगते. आणि महाराष्ट्र सरकारने २०१५ च्या साथीनंतर गर्भवती महिलांना सरकारी दवाखान्यांतून ही लस द्यायला सुरुवात केली. म्हणजे सरकारलाही ती निरुपयोगी वाटत नाही. आपल्या सोसायटीत सध्या ज्या घरी पाळणा हलणार आहे, त्या मुलींनी आपल्या डॉक्टरांना या लसीबद्दल जरूर विचारावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. आईने गरोदरपणात घेतलेली असेल तर तिच्याकडून बाळाला पहिले काही महिने संरक्षण मिळतं.

इथेच आमच्या घरातला खरा पेच होता. नात चार महिन्यांची. तिला लस देता येत नाही. तिच्या पाळण्याशी दिवसातून पन्नास वेळा जाऊन तिचे पापे घेणारा कोण, तर साडेतीन वर्षांचा तिचा दादा, जो प्लेग्रुपमधून रोज काही ना काही घेऊन येतो. आणि तिला मांडीवर घेऊन बसणारे कोण, तर आम्ही दोघं म्हातारे. म्हणजे तिच्याभोवतीचं कुंपण आम्हीच.

आता मी कर्ज विभागातल्या माणसाची एक गोष्ट सांगतो. प्रस्ताव मंजूर केला आणि तो बुडाला, की अधिकाऱ्याला जाब विचारतात. प्रस्ताव नामंजूर केला आणि त्यामुळे एक चांगला कारखाना बंद पडला, तर कुणी विचारत नाही. त्यामुळे काही अधिकारी सहीच टाळतात. आई-वडिलांचंही थोडं तसंच होतं. आपण मुलाला दवाखान्यात नेलं, सुई टोचवली, आणि रात्री ताप आला, तर मनाला लागतं की हे आपण केलं. लस न दिल्याने आजार आला, तर वाटतं की साथच होती, काय करणार. पण मुलाच्या शरीराला या दोन्हीत काही फरक कळत नाही. लस न देणं हासुद्धा निर्णयच आहे, आणि त्यालाही जोखीम आहे. दोन्ही जोखमी शेजारी शेजारी मांडून बघायच्या, एवढंच मी केलं. एका बाजूला दोन दिवसांची कुरकुर आणि दहा लाखांत एखादी गंभीर गोष्ट. दुसऱ्या बाजूला दर पावसाळ्यात फिरणारा आजार, ज्याने आपल्या दोनशे बिऱ्हाडांतल्या एका मुलीला ऑक्सिजनवर नेलं.

आणखी एक सांगतो, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना. शंका विचारणाऱ्या आईला अडाणी म्हणू नका. कागद न वाचता सही करणाऱ्या कर्जदारापेक्षा दहा प्रश्न विचारणारा कर्जदार बँकेला परवडतो. आमच्या सूनबाईने प्रश्न विचारले म्हणून घरात सगळ्यांना उत्तरं कळली, सौ.नासुद्धा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात या विषयावरून जे शब्द वापरले गेले, ते आपल्या सोसायटीला शोभणारे नव्हते. शंका असेल तर ती डॉक्टरांसमोर बसून विचारावी, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावी.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि थोडा पुन्हा थंडीच्या शेवटी असतो. म्हणून लस पावसाळ्याआधी हवी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि मग दोन आठवडे परिणाम व्हायला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो असं धरलं, तर हिशेब करा. एप्रिल हाच महिना. पुढच्या वर्षांपासून एकच डोस पुरतो.

जाताना मुलाची लसीकरणाची फाइल न्या. मुलाला चढा ताप असेल तर थांबा, साध्या सर्दीसाठी थांबायची गरज बहुधा नसते. आधी कुठल्या लसीने त्रास झाला असेल तर तो लिहून न्या. लस फ्रीजमधून काढलेली आहे ना, तिच्यावरची मुदत काय, हे विचारायला लाजू नका. ही लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते. नंतर ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल द्या. मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका, फ्लूमध्ये तर मुळीच नाही.

लस दिली तरी बाकीचं सोडायचं नाही. हळदीचं दूध द्या, आजीचा काढाही मापात द्या, त्याला माझी हरकत नाही; पण तो लसीच्या जागी नको. हात धुवायची सवय लावा. आजारी मुलाला प्लेग्रुपमध्ये आणि इथल्या वाढदिवसांना पाठवू नका. आणि मूल भराभर श्वास घेतंय, छातीत खड्डे पडताहेत, ओठ निळसर झालेत, दूध-पाणी घेत नाही, सहा-आठ तासांत शू झाली नाही, झटका आला किंवा नीट जागंच होत नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजता आमची बेल वाजवा. आमची गाडी खालीच असते.

शेवटी कमिटीपुढे एक सूचना. एका डोसला साधारण दीड-दोन हजार रुपये पडतात. आपल्यातल्या बहुतेकांना ते जमेल. पण आपल्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, आपले वॉचमन, यांच्याही घरी लहान मुलं आहेत, आणि तीच माणसं आपली बाळं उचलून घेतात. रौप्यमहोत्सवाच्या खर्चात रोषणाईसाठी जी रक्कम ठेवली आहे, तिच्यातला काही भाग या मुलांच्या लसीसाठी वळवावा, अर्थात त्यांच्या आई-वडिलांची इच्छा असेल तर, आणि त्यांनाही डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितल्यावर. पहिली पाच मुलं माझ्या पेन्शनमधून. आणि कट्ट्यावरच्या मित्रहो, साठी ओलांडलेल्यांना, मधुमेह-दमावाल्यांना ही लस डॉक्टर सुचवतातच. नातवंडांना पुढे करून आपण मागे राहणं बरं दिसत नाही.

आमच्या घरचं काय झालं, ते सांगून थांबतो. गेल्या गुरुवारी नातवाला पहिला डोस दिला. दोन मिनिटं रडला, अर्धा तास दवाखान्यातल्या माशांच्या टाकीसमोर बसला, रात्री ९९.८ ताप होता, सकाळी उतरला. सूनबाई रात्रभर जागी होती. पुढचा डोस चार आठवड्यांनी आहे. मी आणि सौ.नेही त्याच दिवशी घेतली.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच आपल्या भागातले एक बालरोगतज्ज्ञ तुमच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला येणार आहेत. त्यांची फी नाही, चहा कमिटीचा आहे. तुमचे प्रश्न कागदावर लिहून आणा, मुलांच्या फाइली आणा. पटलं नाही तर तसं त्यांच्यासमोर म्हणा.